घरात आणखी किती मांजरं?

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगलीला आमच्या घरी तेव्हा मनी आणि भुऱ्या अशी दोन मांजरे होती. एका सकाळी मनीच्या गळ्याखालून हात फिरवताना बोटांना काहीतरी लागले. वाटाण्याएवढे, गुळगुळीत, बोटाखालून सरकणारे. दाबल्यावर तिने काही कुरकुर केली नाही, म्हणून मीही दुर्लक्ष केले. आठ-दहा दिवसांत वाटाण्याचे बोर झाले आणि मनीचे खाणे कमी झाले. तेव्हा तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी तिच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना चाचपले. मग खांद्यांच्या पुढे, मग मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे. बोटे तिच्या अंगावरच ठेवून त्यांनी विचारले, "ताई, घरात आणखी किती मांजरं आहेत?"

"आणखी एक बोका आहे. पण त्याला काही झालेलं नाही."

"बाहेरची येतात?"

"येतात की. मागच्या दारी दूधभात ठेवतो आम्ही."

"सगळी एकाच ताटलीत खातात?"

मला थोडा राग आला. आजारी मनी आहे आणि हे चौकशी करताहेत ताटलीची! पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करण्याचे काम करत होते. माणसांच्या मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींचे शेकडो रिपोर्ट माझ्या हातून गेले होते. त्यांवर रुग्णाचे नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि गाठीचे वर्णन असे. घरात आणखी कोणाला असे झाले आहे का, हा रकाना कुठल्याच रिपोर्टात नव्हता. मग मांजराच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांच्या तोंडी आपोआप कसा आला? तो पहिल्यांदा कोणी विचारला?

माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. वैद्यकातले जे काही कळते ते टाइप करता करता आणि पुढे कोश शेजारी ठेवून जुने शोधनिबंध वाचता वाचता कळलेले. या प्रश्नाचा माग काढताना मी ज्या वाटेने गेले, ती वाट वाचकांपुढे ठेवते आहे.

गाठ म्हणजे काय

आपल्याकडे गाठीला जुनी नावे आहेत. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, तिला घरोघरी 'अवधाण' म्हणत. मानेत ओळीने गाठी उठल्या की ती 'गंडमाळ'; आज आपण तिच्यामागे बहुतेक वेळा क्षय आहे असे समजतो. दोन्ही नावांत एक निरीक्षण आहे. अवधाण आलेल्या माणसाला आजी आधी विचारायची, "पायाला काय लागलंय?" म्हणजे गाठ हा आजार नसून कुठल्यातरी आजाराची वर्दी आहे, हे तिला ठाऊक होते.

आधुनिक शरीरशास्त्र वेगळे सांगत नाही. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव लसिका वाहिन्यांतून परत रक्तात जातो. या वाटेवर ठिकठिकाणी लसिका ग्रंथींची नाकी आहेत. तिथे पांढऱ्या पेशी द्रवातले जंतू अडवतात, ओळखतात आणि गरज पडली की स्वतःची संख्या वाढवतात. संख्या वाढली की ग्रंथी फुगते. मांजराचेही तसेच. बोक्यांच्या मारामारीत चावा बसून गळू झाले, दात किडले, हिरड्या सुजल्या, तर त्या भागातली ग्रंथी सुजते आणि कारण गेले की बसते. पण काही वेळा ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशीच बेलगाम वाढू लागतात. हा लसिका ग्रंथींचा कर्करोग. पूर्वी त्याला लिम्फोसार्कोमा म्हणत, आता बहुधा लिम्फोमा म्हणतात. मांजरांना होणाऱ्या कर्करोगांत तो नेहमीच वरच्या क्रमांकावर राहिला आहे.

गळू झालेल्या मांजरामागे दुसरे मांजर असते, हे कोणीही सांगेल. कर्करोग झालेल्या मांजरामागेही दुसरे मांजर असू शकते, हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

कोंबडी, उंदीर आणि अविश्वास

कर्करोग संसर्गातून होत नाही, हा त्या काळचा ठाम समज होता. त्याला छेद देणारे पुरावे आले ते प्राण्यांतून. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बँग या दोन डॅनिश संशोधकांनी ल्युकेमिया झालेल्या कोंबड्यांचा अर्क बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जिवाणू जात नाहीत, पेशी तर नाहीतच. तो अर्क टोचलेल्या निरोगी कोंबड्यांना ल्युकेमिया झाला. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या मांसल गाठीबाबत हेच दाखवले. लोकांनी ऐकले आणि सोडून दिले. एलरमान-बँग यांच्या वेळी ल्युकेमियाला कर्करोग मानतच नव्हते. राऊस यांच्याबाबत म्हणणे असे की, कोंबडीचे माणसाला काय लागू? राऊस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. म्हणजे शोधानंतर ५५ वर्षांनी.

१९५१ साली ल्युडविक ग्रॉस यांनी उंदरांतल्या ल्युकेमियामागे विषाणू असल्याचे दाखवले. कोंबडीपेक्षा उंदीर माणसाच्या जवळचा. पण आक्षेप तयारच होता. प्रयोगशाळेतले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावंडांच्या संकरातून वाढवलेले, शिवाय विषाणू टोचायचा तो नुकत्याच जन्मलेल्या पिलांना. हा प्रयोगशाळेचा खेळ झाला. घरादारात, रानावनात असे घडते का?

या आक्षेपाला उत्तर देणारा प्राणी कसा हवा होता, ते पाहा. तो सस्तन हवा. मुद्दाम पैदास केलेला नको. तो माणसांच्या घरात राहणारा हवा आणि त्याच्या दुखण्याखुपण्याकडे कोणाचे तरी लक्ष हवे.

ग्लासगोचे एक घर

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात पशुवैद्यकाचे विकृतिशास्त्र शिकवणारे विल्यम जॅरेट हे या कथेतले मुख्य पात्र. ग्लासगो हे जहाजबांधणीचे, धुराचे, कामगारांचे शहर. जॅरेट यांचे आधीचे नाव झाले होते ते गुरांच्या फुप्फुसातल्या कृमींवरच्या लशीमुळे. कृमींच्या अळ्यांवर किरणोत्सर्गाचा मारा करून त्यांना दुबळे करायचे आणि त्याच वासरांना पाजायच्या, अशी ती लस ग्लासगोच्या संशोधकांनी मिळून तयार केली आणि १९५९ पासून ती बाजारात आली. म्हणजे गोठ्यातल्या अडचणीवरून प्रयोगशाळेत जायची या माणसाला सवय होती.

शहरात हॅरी फाफ नावाचे एक पशुवैद्य दवाखाना चालवत. त्यांच्या लक्षात आले की, एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोसार्कोमा झाला आहे. ही गोष्ट त्यांनी जॅरेट यांच्या कानावर घातली.

या क्षणापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. विकृतिशास्त्रज्ञासमोर येते ती काचपट्टी. तिच्यावर पेशी दिसतात. त्या कोणत्या प्रकारच्या, किती विभागताहेत, ते दिसते. तिच्यावर घर दिसत नाही. घर दिसते ते दवाखान्यात बसणाऱ्याला, कारण टोपली घेऊन येणारा माणूस तोच असतो. मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाला जे दिसणे शक्य नव्हते ते गल्लीतल्या डॉक्टरला दिसले. आणि शास्त्रज्ञाचा मोठेपणा असा की, त्याने ते उडवून लावले नाही.

जॅरेट आणि सहकाऱ्यांनी आजारी मांजराच्या गाठीतला अर्क घेऊन मांजरीच्या पिलांना टोचला. काही महिन्यांनी पिलांना लिम्फोसार्कोमा झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गाठीतल्या पेशींच्या कडांवर गोलसर कण दिसले, उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूसारखेच. १९६४ साली 'नेचर' या नियतकालिकात हे दोन छोट्या निबंधांतून प्रसिद्ध झाले. पुढे या विषाणूला मांजराच्या ल्युकेमियाचा विषाणू असे नाव पडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून पशुवैद्य त्याला 'फेल्व्ह' म्हणतात.

जॅरेट यांचा हा स्वभाव पुढेही दिसतो. १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुरांना घशाचे आणि अन्ननलिकेचे कर्करोग ठरावीक शेतांवरच का होतात, याचा माग काढत ते विषाणूजन्य चामखिळी आणि गुरे चरत असलेले ब्रॅकन नावाचे नेचे, या दोहोंच्या संगनमतापर्यंत पोचले. कोणाला झाला, यापाशी न थांबता कुठे झाला आणि आणखी कोणाला झाला, हे विचारण्याची ती सवय होती.

ताटली

पण प्रश्न पुरा सुटला नव्हता. सुईने टोचल्यावर रोग होतो हे ठीक. सुईशिवाय एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो का? की आईकडून पिलांत उतरतो एवढेच?

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत विल्यम हार्डी नावाचे पशुवैद्य होते. रक्ताच्या थेंबात हा विषाणू आहे की नाही हे चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने ओळखण्याची चाचणी त्यांनी बसवली. मग त्यांनी प्रयोगशाळा सोडून घरे तपासली. ज्या घरांत रोगी मांजर होते तिथली सगळी मांजरे तपासली आणि ज्या घरांत नव्हते तिथलीही. रोगी मांजराबरोबर राहणाऱ्या, पण त्याच्याशी रक्ताचे नाते नसलेल्या मांजरांतही विषाणू मोठ्या प्रमाणात सापडला. १९७३ साली त्यांनी जाहीर केले की, हा विषाणू मांजराकडून मांजराकडे जातो. सस्तन प्राण्यातला, कर्करोग करणारा विषाणू नैसर्गिकपणे, सहवासाने पसरतो हे घरोघरच्या मांजरांत सिद्ध झाले होते.

कसा पसरतो, हे चार वर्षांनी स्पष्ट झाले. १९७७ साली डोनाल्ड फ्रान्सिस, मॅक्स एसेक्स आणि हार्डी यांनी दाखवले की, बाधित मांजराच्या लाळेत विषाणू भरपूर असतो. एकमेकांना चाटणे, एकाच भांड्यात खाणे-पिणे, चावणे या त्याच्या वाटा. आमच्या डॉक्टरांनी ताटलीबद्दल का विचारले, ते मला इथे कळले.

भीतीचा हिशोब

इथपर्यंतचा इतिहास शोधाचा आहे. याच वर्षांत दुसराही इतिहास घडत होता, आणि त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही.

१९६९ साली जॅरेट यांचे बंधू ऑस्वाल्ड जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, हा विषाणू काचपात्रात माणसाच्या पेशींतही वाढतो. ही नोंद प्रामाणिक आणि आवश्यक होती. पण ज्यांच्या घरी मुले मांजर उराशी धरून झोपतात, त्यांनी ती वाचली तर काय वाटेल? मांजरामुळे माणसाला ल्युकेमिया होतो का, हा प्रश्न दशकभर गंभीरपणे विचारला गेला. चाचणी हाताशी आली होती. जिथे चाचणी आहे तिथे 'बाधित' हा शिक्का आहे, आणि शिक्का आला की त्याचे पुढे काय करायचे हे ठरवावे लागते.

अनेक मांजरे पाळणाऱ्या घरांसाठी उपाय सुचवला गेला तो 'तपासा आणि वेगळे करा' असा. तो शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता. ज्या घरांनी सगळी मांजरे तपासून बाधितांना दूर केले तिथला प्रसार थांबला. पण 'वेगळे करा' याचा अर्थ दुसऱ्या खोलीत ठेवा असाही होतो आणि इंजेक्शन देऊन संपवा असाही. दोन्ही अर्थ वापरले गेले. अंगावर एकही गाठ नसलेली, खेळणारी मांजरेही केवळ चाचणीच्या निकालावर मारली गेली.

पुढे काय कळले? एक, विषाणूशी गाठ पडलेले प्रत्येक मांजर कायमचे बाधित होत नाही. काही मांजरे विषाणूला आवर घालतात. आज बाधित दिसलेले मांजर काही आठवड्यांनी पुन्हा तपासले तर निकाल बदललेला असू शकतो. म्हणून आता एका चाचणीवर निर्णय घेऊ नये, असे सांगितले जाते. दोन, कायमचे बाधित मांजरही नीट सांभाळले तर काही वर्षे बरे जगू शकते. आणि तीन, माणसांचे काय? मांजरे पाळणारे लोक, पशुवैद्य, रुग्ण अशा अनेकांत शोध घेऊनही या विषाणूमुळे माणसाला रोग झाल्याचा पुरावा मिळाला नाही. १९८५ साली अमेरिकेत या रोगावरची पहिली लस वापरात आली. ओहायो राज्य विद्यापीठातल्या रिचर्ड ऑल्सेन यांच्या संशोधनातून ती निघाली होती.

'आणखी कोण?' हा प्रश्न विचारल्याशिवाय विषाणू सापडला नसता. तोच प्रश्न भीतीच्या तोंडी गेला तेव्हा त्याने निरोगी मांजरांचे प्राण घेतले. प्रश्न एकच, विचारणाऱ्याचा हेतू वेगळा.

मानेतली दुसरी गाठ

या विषाणूबद्दल एक विलक्षण गोष्ट पशुवैद्यांना १९७० च्या दशकातच कळली होती. बाधित मांजरे कर्करोगाने मरतात त्याहून जास्त संख्येने पंडुरोगाने आणि साध्यासुध्या संसर्गांनी मरतात, कारण विषाणू त्यांची प्रतिकारशक्ती पोखरतो. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवणारा विषाणूच पांढऱ्या पेशींचे सैन्य निकामीही करतो. ही दोन टोके एकाच विषाणूत असू शकतात, हे तेव्हा माणसांच्या फार थोड्या डॉक्टरांना माहीत होते.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. एरवी निरोगी माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. पुढच्या काळात अशाच अनेक रुग्णांत महिनोन्‌महिने सुजलेल्या लसिका ग्रंथी आढळू लागल्या. हे वृत्त वाचून ज्यांना चटकन मांजरे आठवली त्यांत डोनाल्ड फ्रान्सिस होते. हेच ते लाळेवरच्या निबंधाचे लेखक. ते साथरोग केंद्रात काम करत होते आणि त्याआधी देवी निर्मूलनाच्या मोहिमेत भारतातही येऊन गेले होते. त्यांचे हार्वर्डमधले मार्गदर्शक मॅक्स एसेक्स मूळचे पशुवैद्यच. मांजराच्या ल्युकेमियासारखा एखादा विषाणू माणसांत आला असावा, हा अंदाज या मंडळींनी फार लवकर बांधला.

तो विषाणू कोणत्या कुळातला, हेही तोवर कळले होते. १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या ठिकाणी काम करताना दाखवले की, या कुळातले विषाणू आपली माहिती उलट्या दिशेने, आरएनएकडून डीएनएकडे लिहितात. १९८० साली रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने माणसात सापडलेला या कुळातला पहिला विषाणू जाहीर केला.

आणि मग पॅरिस. जानेवारी १९८३ मध्ये पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या मानेतून काढलेल्या लसिका ग्रंथीचा तुकडा आला. फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी, ल्युक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या पेशी वाढवल्या आणि त्यात नवा विषाणू मिळाला. त्याला त्यांनी दिलेले पहिले नावच मुळी 'ग्रंथीसुजेशी संबंधित विषाणू' अशा अर्थाचे होते. आज त्याला आपण एचआयव्ही म्हणतो. १९८६ साली गॅलो आणि माँतान्ये यांच्याबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला तो मॅक्स एसेक्स या पशुवैद्याला. मांजरांमुळे एचआयव्ही सापडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शोधायचे कुठे, हे ज्यांना लवकर सुचले त्यांतले काही जण मांजरांच्या गाठी चाचपून आले होते, एवढे नक्की.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी मांजरे सांभाळणाऱ्या एका घरात पुन्हा तोच प्रकार घडला. एकापाठोपाठ एक मांजर खंगत होते आणि फेल्व्हची चाचणी मात्र निर्दोष येत होती. डेव्हिस येथील विद्यापीठातले नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी त्या मांजरांचे रक्त निरोगी मांजरांना टोचले. काही आठवड्यांनी ताप आला आणि अंगभरच्या लसिका ग्रंथी सुजल्या. १९८६ साली हाती आलेला हा दुसरा विषाणू एचआयव्हीचा चुलतभाऊ निघाला. तोही माणसाला होत नाही. पुन्हा सुरुवात झाली होती ती एका घरातून आणि 'आणखी किती?' या प्रश्नातून.

आपल्या दारात

१९८६ सालीच आपल्या देशात एचआयव्ही सापडला. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सेलप्पन निर्मला या विद्यार्थिनीने, आपल्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या सांगण्यावरून, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि ते वेल्लोरला तपासले गेले. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. हा आजार आपल्याकडे नाहीच, असे छातीठोकपणे सांगितले जात असताना त्यांनी 'आपल्याकडेही कोणी आहे का?' असे विचारले. आणि उत्तर 'हो' आल्यावर त्या तिथे थांबल्या नाहीत. पुढे १९९३ साली वडिलांच्या नावाने केंद्र काढून त्यांनी आयुष्यभर त्याच रुग्णांची सेवा केली.

माझ्या सांगली जिल्ह्याने तर ते दिवस फार जवळून पाहिले. महाराष्ट्रात एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत त्याचे नाव घेतले जाई. ते रिपोर्ट आमच्याकडे बंद पाकिटातून जात. पाकीट पाहूनच रांगेतली माणसे सरकून बसत. देहविक्रय करणाऱ्या बायकांना तेव्हा आजाराचे मूळ ठरवून हाकलायची भाषा सगळीकडे होती. त्याच सांगलीत १९९२ साली 'संग्राम' ही संस्था उभी राहिली आणि या बायकांनीच एकमेकींपर्यंत निरोध आणि माहिती पोचवण्याचे काम अंगावर घेतले. १९९६ साली त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली. 'आणखी कोण?' हा प्रश्न बाहेरच्याने बोट रोखून विचारण्याऐवजी आतल्या बाईने शेजारणीला विचारला, की त्याचा अर्थच बदलतो. ग्लासगो आणि न्यूयॉर्कच्या मांजरांचा इतिहास वाचताना मला माझ्या गावाचा हा इतिहास नव्याने कळला.

मनी

मनीच्या गाठीत सुई घालून काढलेला नमुना पुण्याला पाठवला होता. निकाल लिम्फोमाचा आला. फेल्व्हची चाचणीही बाधित आली. भुऱ्या निर्दोष निघाला.

बातमी वाड्यात पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काळजीपोटीच सांगितले, "अगं, पोत्यात घालून लांब मार्केट यार्डात सोडून ये दोघांना. पोरं-बाळं आहेत इथं." मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "माणसाला काही होत नाही, ताई. लांब सोडलीत, तर तिथली मांजरं बाधतील आणि ही उपाशी मरेल. घरातच वेगळी ठेवा." मग मागची खोली मनीची झाली. तिची वाटी वेगळी, मातीचे घमेले वेगळे. भुऱ्या दाराच्या फटीतून पंजा घालून तिला हाका मारायचा, ते ऐकवत नसे. काही आठवड्यांनी त्याची पुन्हा चाचणी केली, तीही निर्दोष आली. काकूंना मी हे सगळे समजावून सांगितले. त्यांना कितपत पटले कोण जाणे, पण उन्हाळ्यात मनीला अन्न जाईना तेव्हा त्याच वाटीभर पातळ ताक घेऊन खाली आल्या होत्या.

मनी वटपौर्णिमेच्या आधी गेली. भुऱ्या त्यानंतर बरीच वर्षे जगला.

लॅबमधली नोकरी मी आता सोडली आहे. शेवटची काही वर्षे मानेतल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला कोणी आले की मी पाकीट देताना हळूच विचारत असे, "घरात आणखी कोणाला खोकला वगैरे आहे का हो? असेल तर डॉक्टरांना सांगा." ते माझे काम नव्हते. पण एक-दोनदा पुढच्या आठवड्यात त्याच आडनावाचा दुसरा नमुना आलेला मी पाहिला आहे.

मागच्या दारी अजूनही मांजरे येतात. दूधभात आता एका ताटलीत नसतो. हातभर अंतरावर चार वाट्या मांडलेल्या असतात.